क्लासमधल्या विद्यार्थ्याला मी सांगलीत आहे हे कसं कळलं? (थेट व्हिडिओ कॉल, आयपी वगैरे)

मिरजकरीण (धागाकर्ती) | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. तांत्रिक बाबतीत मी ढ आहे, सांभाळून घ्या.

मी पुण्यात राहते, गाणं शिकवते. लॉकडाऊनपासून निम्म्या शिकवण्या व्हिडिओ कॉलवरच चालतात. एका वेळी एकच विद्यार्थी, कारण गळ्याची तालीम घोळक्यात होत नाही. त्यासाठी एक मोफत वेबसाइट वापरते. आपण लिंक पाठवायची, समोरच्याने ब्राउझरमध्ये उघडायची, काही डाउनलोड करायला नको. त्यांच्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलंय की कॉल आमच्या सर्व्हरवरून जात नाही, दोघांमध्ये थेट जोडला जातो आणि पूर्ण एन्क्रिप्टेड असतो. थेट असल्यामुळे आवाज कमी रखडतो, हा माझाही अनुभव. सम गाठायची तर अर्धा सेकंदसुद्धा जास्त होतो.

गेल्या आठवड्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं म्हणून माहेरी, मिरजेला आले. शिकवण्या इथूनच घेतल्या. कुणाला काही सांगितलं नाही. गुरुवारी एक विद्यार्थी (दोन महिन्यांपूर्वी आलाय, परदेशात असतो, एवढंच मला माहीत) तास संपताना सहज म्हणाला, "मॅडम, सध्या सांगलीला का?" मी सवयीने "हो" म्हणून मोकळी झाले आणि मग रात्रभर झोप नाही.

मागे पांढरी भिंत होती. मी माहेरचं नाव कधी घेतलेलं नाही. थेट आणि एन्क्रिप्टेड म्हणजे सुरक्षित ना? मग हे कसं?

शंकासुर | सोमवार, रात्री १०:४०

ताई, घर मिरजेत आणि तो म्हणाला सांगली. ओळखीतल्या कुणाकडून कळलं असतं तर मिरजच म्हणाला असता. हे माणसाने सांगितलेलं नाही, यंत्राने सांगितलंय.

बाकी जाणकार येतीलच. मी चहा घेऊन बसलोय.

कोडगा | सोमवार, रात्री ११:२५

शंकासुर बरोबर वास काढतोय. ताई, त्या वेबसाइटने खोटं काही लिहिलेलं नाही, आणि घोळ तिथेच आहे.

लग्न जमवणाऱ्या काकूंचं उदाहरण घेऊ. दोन घरं एकमेकांना ओळखत नाहीत. काकू इकडची पत्रिका तिकडे नेतात, तिकडची इकडे आणतात. पत्रिका पोचल्या की काकूंचं काम संपलं, पुढचं दोन्ही घरं आपसात बोलतात. तुमची वेबसाइट म्हणजे या काकू. तुमचा आवाज, चेहरा काकूंकडे जात नाही, हे खरं. पण पत्रिकेत पत्ता लिहिलेला असतो! तो समोरच्याच्या हातात पडल्याशिवाय थेट बोलणं सुरूच होऊ शकत नाही. हा पत्ता म्हणजे आयपी अॅड्रेस.

ब्राउझरमधल्या या सगळ्या प्रकाराला वेबआरटीसी म्हणतात. गूगलने २०११ मध्ये ते खुलं केलं, २०२१ च्या जानेवारीत वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेने अधिकृत मानक म्हणून शिक्कामोर्तब केलं. त्यात एन्क्रिप्शन बंद करायची सोयच नाही, ते सक्तीचं आहे. म्हणजे वाटेतल्या चोराला तुमचा यमन ऐकू येणार नाही. पण ज्याच्याशी बोलताय तो वाटेतला चोर नाही, तो दुसरं टोक आहे. एन्क्रिप्शन दोन टोकांच्या मधल्यांपासून वाचवतं. टोकापासून कसं वाचवणार?

त्याने हॅकिंग वगैरे केलं असेल असंही नाही. क्रोममध्ये वेबआरटीसी इंटर्नल्स नावाचं एक पान आहे, कॉल चालू असताना उघडलं की समोरच्याचे सगळे पत्ते ओळीने दिसतात. तो आकडा कुठल्याही आयपी शोधणाऱ्या साइटवर चिकटवायचा. मिनिटाचं काम.

जाता जाता एक. काकूंनीच पत्रिका बदलली तर? म्हणजे दोघांनाही स्वतःचीच खोटी पत्रिका दिली आणि मधे बसून सगळं ऐकत राहिल्या? हे शक्य आहे. एन्क्रिप्शनच्या किल्ल्यांचा ठसाही पत्रिकेसोबतच जातो, त्यामुळे ओळख करून देणाऱ्या सर्व्हरवर तेवढा विश्वास टाकावाच लागतो. यावर उपाय जुना आहे. फिल झिमरमन यांच्या झेडआरटीपी या कॉल एन्क्रिप्ट करायच्या पद्धतीमध्ये दोघांच्या पडद्यावर एक छोटासा शब्द येतो आणि तो एकमेकांना वाचून दाखवायचा. जुळला तर मधे कुणी नाही. टेलिग्रामच्या कॉलमध्ये चार इमोजी दिसतात ना, ते यासाठीच. शोभेचे नाहीत ते.

झंपी | मंगळवार, सकाळी ७:५०

बापरे. म्हणजे आयपीवरून घराचा पत्ता कळतो?? मी तर सेकंडहँड सोफा विकताना अनोळखी माणसाला व्हिडिओ कॉलवर सोफा दाखवलाय.

(मोबाईलवरून टंकतेय, शुद्धलेखनाला हसू नका.)

टेलिफोन_निवृत्त | मंगळवार, सकाळी ९:०५

झंपीताई, घाबरू नका. आयुष्याची तेहतीस वर्षं एक्स्चेंजात गेली, थोडं सांगतो.

आयपीवरून घर क्रमांक कळत नाही. कळतं ते एवढंच की हा आकडा कुठल्या कंपनीच्या ताब्यात आहे आणि त्या कंपनीने तो साधारण कुठल्या गावात लावलाय. तेही बऱ्याचदा चुकतं. तुम्ही मोबाईल डेटावर असाल तर तुमच्यासारखेच अनेक ग्राहक बाहेरच्या जगाला एकाच आकड्याने दिसत असतात. पुरेसे आकडे शिल्लकच नाहीत म्हणून कंपन्या असं करतात. आत वापरायला १००.६४ पासून सुरू होणारा एक खास पट्टा २०१२ मध्ये राखून ठेवलेला आहे. सोसायटीला एकच गेट आणि एकच वॉचमन असावा, आत कोण कुठल्या फ्लॅटमध्ये ते फक्त त्यालाच ठाऊक, तसं. आणि हे गेट असतं मोठ्या शहरात. म्हणून कोल्हापुरातल्या माणसाचा मोबाईल मुंबईत दिसतो.

गावातल्या केबलवाल्याचं ब्रॉडबँड असेल तर गोष्ट वेगळी. त्याचा पट्टा लहान आणि त्याच गावाच्या नावावर. जिल्ह्याचं ठिकाण सांगली, म्हणून मिरजेच्या वायफायवर "सांगली" दिसणं अगदी स्वाभाविक. धागाकर्तीने मोबाईलच्या डेटावर क्लास घेतला असता तर त्या मुलाने बहुधा "मॅडम, मुंबईला का?" विचारलं असतं.

आयपीव्ही६ मध्ये, म्हणजे आकड्यांच्या नव्या पद्धतीत, मात्र हे गेट नसतं, प्रत्येक घराला स्वतःचा पट्टा मिळतो. त्यावरूनही पत्ता कळत नाही, पण "काल बोललेलं घर आणि आजचं घर एकच" एवढं कळू शकतं.

आकड्यामागचं नाव फक्त कंपनीला माहीत. ते पोलिसांनी रीतसर मागितलं तरच मिळतं, आणि तेव्हा नेमकी वेळ आणि पोर्ट नंबरही द्यावा लागतो, नाहीतर वॉचमन म्हणणार, त्या वेळी गेटमधून दोनशे जण गेले, तुमचा कोणता?

शंकासुर | मंगळवार, सकाळी ९:३०

मग एवढा गहजब कशाला? गाव कळलं तर कळलं. गाव तर गाडीच्या नंबरप्लेटवरूनही कळतं. एमएच-१० म्हणजे सांगली. दिवे घ्या.

मिरजकरीण | मंगळवार, सकाळी ११:१५

शंकासुर, तुम्हाला विनोद सुचतोय. एकटी बाई, अनोळखी मुलगा आणि "सध्या सांगलीला का" हे वाक्य एकदा ऐकून बघा. गाव कळण्याचं नाही, त्याने बघितलं याचं वाटतं. उद्या परत पुण्याला गेले की तेही कळेल. म्हणजे मी कधी घरी आहे आणि कधी नाही, याची नोंद कुणीतरी आपसूक ठेवू शकतो.

शंकासुर | मंगळवार, सकाळी ११:२८

मान्य. नंबरप्लेट मागे घेतो.

वकिलीणबाई | मंगळवार, दुपारी १:४०

ताई बोलल्या ते कायद्यालाही कळतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये (जुनं ३५४-ड) पाठलागाच्या व्याख्येत, स्त्रीच्या इंटरनेट, ईमेल किंवा इतर इलेक्ट्रॉनिक संपर्कावर पाळत ठेवणं येतं. एकदा विचारलेल्या एका प्रश्नावर ते लावता येणार नाही, उगाच आशा दाखवत नाही. पण असं पुन्हा झालं तर तारीख, वेळ, शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा. चॅटमध्ये लिहिलं असेल तर स्क्रीनशॉट घ्या. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते, त्यात महिलांविषयीच्या गुन्ह्यांचा वेगळा विभाग आहे. आणि आधी एक साधी गोष्ट करा, त्यालाच विचारा. निम्मी प्रकरणं तिथेच मिटतात, उरलेल्या निम्म्यांत उत्तरावरून माणूस कळतो.

झंपी | मंगळवार, दुपारी २:०२

+१ वकिलीणबाई.

पण मला कुणी सांगेल का, व्हॉट्सअॅपवरही असंच होतं? आमचं सगळं घर त्यावर बोलतं.

कोडगा | मंगळवार, रात्री १०:१०

हो, दोघांचा कॉल जमेल तिथे थेटच जातो. ग्रुप कॉल मात्र नेहमी त्यांच्या सर्व्हरवरून. २०२३ च्या नोव्हेंबरात त्यांनी एक खटका दिला: सेटिंग्ज, प्रायव्हसी, अगदी तळाशी अॅडव्हान्स्ड, तिथे "प्रोटेक्ट आयपी अॅड्रेस इन कॉल्स". तो चालू केला की दोघांचे कॉलही सर्व्हरमार्गे. आतलं बोलणं तेव्हाही एन्क्रिप्टेडच असतं, सर्व्हर फक्त बंद पाकीट पुढे सरकवतो. काकूंकडे पाकीट द्यायचं, काकू ते न फोडता पोचवणार. या उलट्या मार्गाला रिले म्हणतात.

सिग्नल या अॅपने हे जास्त शहाणपणाने केलंय. तुमच्या संपर्कयादीत नसलेल्याचा कॉल आला तर तो आपोआप रिलेने येतो. सगळेच कॉल रिलेने हवे असतील तर तिथेही अॅडव्हान्स्डमध्ये "ऑलवेज रिले कॉल्स" आहे. टेलिग्राममध्ये कॉल्सच्या सेटिंगमध्ये "पीअर-टू-पीअर" (म्हणजे थेट जोडणी) आहे, तिथे "नोबडी" निवडायचं. याची एक गंमत आहे. २०१८ मध्ये मोबाईलवर हा पर्याय होता, पण डेस्कटॉपवर द्यायलाच विसरले होते, त्यामुळे संगणकावरून बोलणाऱ्यांचे आयपी उघडे पडत होते. ते भारतातल्या धीरज मिश्रा या संशोधकाने दाखवून दिलं आणि दोन हजार युरोचं बक्षीस मिळवलं.

ब्राउझरमधल्या साइटवर असा खटका बहुधा नसतो. साइटवाला रिले ठेवतो तो नाइलाजाने, म्हणजे दोन्हीकडची गेटं फारच कडक असतील आणि थेट जमतच नसेल तेव्हा. कारण रिलेचं बिल त्याला भरावं लागतं. थेट कॉलचं प्रेम गोपनीयतेपोटी आहे असं कंपन्या म्हणतात, पण त्यात खिशाचा वाटा मोठा असतो. अॅपलचंच बघा. २०१२ मध्ये फेसटाइमच्या थेट जोडणीवरून एक पेटंट खटला हरले आणि सगळे कॉल रिलेवरून न्यावे लागले, तर बिल कोट्यवधी डॉलरवर गेलं.

आणि "मी व्हीपीएन (दुसऱ्याच सर्व्हरमार्गे नेऊन आपला आयपी लपवणारी सेवा) घेईन" म्हणणाऱ्यांसाठी: ब्राउझरच्या एक्स्टेन्शनवर विसंबू नका. २०१५ च्या जानेवारीत एकाने छोटासा नमुना कोड टाकून दाखवलं होतं की व्हीपीएन चालू असतानाही वेबआरटीसी खरा आयपी सांगून मोकळं होतं. तेव्हापासून ब्राउझर सुधारलेत. घरातला आतला पत्ता, म्हणजे १९२.१६८ वाला, आता झाकला जातो. पण कॅमेरा-माइकची परवानगी दिली की झाकण पुन्हा सैल होतं, आणि व्हिडिओ कॉलला परवानगी दिल्याशिवाय भागतं का? वापरायचाच तर संपूर्ण फोनवर किंवा संगणकावर चालणारा व्हीपीएन वापरा आणि एखाद्या लीक टेस्टच्या पानावर तपासून बघा.

शंकासुर | मंगळवार, रात्री १०:५५

आता माझी खरी शंका. रिले म्हणजे सगळं कंपनीच्या सर्व्हरवरून. आतलं ऐकू येत नसेल, पण कोण कुणाशी, किती वाजता, किती वेळ बोललं, हे तर कळणार ना? म्हणजे एका पोराला गाव कळू नये म्हणून जगातल्या बलाढ्य कंपनीला आख्खी डायरी द्यायची. आगीतून फुफाट्यात.

टेलिफोन_निवृत्त | बुधवार, सकाळी ८:४५

शंका रास्त आहे, पण अर्धी. तसल्या अॅपमध्ये ओळख करून देताना कंपनीला "कोण कुणाशी" कळतंच, थेट असो की रिले. काकूंना पत्रिका कुणाकुणाची जमवली हे माहीत नसेल का?

तुम्ही दुसरी बाजू विसरलात. कॉल थेट असला की तुमच्या इंटरनेट कंपनीला दिसतं की तुमच्या घरातून अमुक आयपीकडे पाऊण तास आवाज-चित्राची पाकिटं गेली. म्हणजे दुसऱ्या टोकाचा माग तिच्या नोंदीत उमटतो. रिले असेल तर तिला फक्त सर्व्हर दिसतो. या नोंदी कंपन्यांना ठेवाव्याच लागतात, ती परवान्याची अट आहे. २०२१ च्या डिसेंबरात दूरसंचार विभागाने ही मुदत एका वर्षाची दोन वर्षं केली.

थोडक्यात, झाकणार कुणापासून ते आधी ठरवा. कंपनी, सरकार आणि समोरचा माणूस या तिघांपासून एकाच पांघरुणात झाकता येत नाही, कुठूनतरी पाय उघडे पडतातच.

दुबईकर_दादा | बुधवार, सकाळी १०:२०

तुमची चर्चा वाचून हसावं की रडावं कळेना. आम्हाला यातलं काही निवडायचा प्रश्नच नाही. इथे व्हॉट्सअॅपवर मेसेज जातो, फोटो जातो, कॉल लागत नाही. फक्त परवाना असलेली अॅपं चालतात. बोटिमवर आईशी बोलतो. आईच्या फोनमध्ये ते टाकून द्यायला एकदा साताऱ्याला जावं लागलं. :)

एक लक्षात आलं. इथे वर्षानुवर्षं राहणारे लोक कॉल चालतो की नाही एवढंच विचारतात, सुरक्षित आहे का ते कुणी विचारत नाही.

कोडगा | बुधवार, रात्री ९:५०

@दुबईकर_दादा, नेमकं.

जुन्या लोकांना स्काइप आठवत असेल. २००३ मध्ये आलं, आणि ते खरं पीअर-टू-पीअर होतं. ज्यांनी आधी गाणी-फाइली वाटायचं कझा बनवलं होतं त्याच एस्टोनियन मंडळींनी लिहिलेलं. ज्याच्याकडे बरी मशीन, चांगलं नेट आणि उघडा आयपी असेल त्याचा संगणक न विचारता "सुपरनोड" व्हायचा आणि इतरांची वाहतूक ओढायचा. २००७ च्या ऑगस्टमध्ये विंडोज अपडेटनंतर जगभरच्या मशीन एकाच सुमारास रीस्टार्ट झाल्या आणि हे जाळं दोन दिवस आडवं पडलं. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने साडेआठ अब्ज डॉलरला विकत घेतलं आणि पुढच्याच वर्षी सुपरनोड स्वतःच्या डेटा सेंटरमध्ये हलवले. त्यावर बराच आरडाओरडा झाला की आता सरकारला ऐकता येईल. पण त्याच काळात थेटपणाचा त्रासही दिसत होता. स्काइप नाव दिलं की आयपी काढून देणाऱ्या साइटी निघाल्या होत्या, आणि गेम खेळणारी पोरं हरल्याच्या रागात समोरच्याचं नेट पाडायची. आयपी आपोआप लपवायला त्यांना २०१६ उजाडलं. २०२५ च्या मे महिन्यात दुकानच बंद झालं.

आता मला खरी भीती कशाची वाटते ते सांगतो. आयपी नाही. कॉल "उचलण्याआधी" काय घडतं ते. रिंग वाजत असतानाच दोन्ही फोन पत्रिका जुळवत असतात, म्हणजे लवकर जोडला जावा म्हणून. त्या अवस्थांच्या क्रमात एक पायरी चुकली की तुम्ही न उचलताच माइक चालू. २०१९ च्या जानेवारीत ग्रुप फेसटाइममध्ये हेच झालं. कॉल लावायचा, रिंग वाजत असताना स्वतःचाच नंबर आणखी एक म्हणून जोडायचा, आणि समोरच्याने न उचलता त्याचं ऐकू यायचं. अॅरिझोनातल्या १४ वर्षांच्या मुलाला गेम खेळताना सापडलं ते. अॅपलला ग्रुप फेसटाइम बंदच करावं लागलं होतं दुरुस्ती येईपर्यंत. मग गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या सुरक्षेतली भोकं शोधणाऱ्या गटातल्या नॅटली सिल्व्हानोविच यांनी इतर अॅपं तपासायला घेतली. २०२१ मध्ये त्यांनी लिहिलं त्यात सिग्नल, फेसबुक मेसेंजर, गूगल ड्युओ होते आणि आपलं जिओचॅटही! सगळ्यांत या ना त्या प्रकारे न उचलता आवाज किंवा चित्र जाऊ शकत होतं. सगळी भोकं बुजवली गेली आहेत. म्हणून अपडेट पुढे ढकलू नका.

आणि २०१९ चंच पेगासस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर. व्हॉट्सअॅपच्या कॉलचा कोडच फोडला होता. मिस्ड कॉल आला तरी पुरे, फोन ताब्यात. साधारण १४०० जणांना लक्ष्य केलं गेलं, त्यात भारतातले पत्रकार, कार्यकर्ते होते. भीमा कोरेगाव खटल्याशी संबंधित नागपूरच्या एका वकिलांनाही व्हॉट्सअॅपकडून तसं कळवण्यात आलं होतं. तिथे एन्क्रिप्शन जागच्या जागी शाबूत होतं. घराच्या दाराला उत्तम कुलूप, आणि चोर बेलच्या वायरीतून आत.

शंकासुर | बुधवार, रात्री १०:०५

कोडग्या, झोपायच्या आधी हे लिहायचं होतं का?

आबा_ऑनलाइन | गुरुवार, सकाळी ६:३०

सुप्रभात. तुमचं आयपीफायपी मला कळत नाही. पण चार ओळी लिहितो.

आमच्या सकाळच्या हास्यक्लबातल्या एका गृहस्थांना व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर खाकी वर्दी, मागे अशोकस्तंभ, तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले, कॅमेरा बंद करायचा नाही, घराबाहेर पडायचं नाही. सहा तास बसवून ठेवलं. सुनेने दार वाजवलं म्हणून वाचले. पैसे गेले नाहीत, पण अजून फोन वाजला की दचकतात. तो कॉलही एन्क्रिप्टेडच असणार. चोराशी बोलणंसुद्धा चोख गुप्त राहिलं म्हणायचं.

कोडगा | गुरुवार, सकाळी ९:१५

आबा, याला अवांतर म्हणणाऱ्याला धाग्यावरून हाकला. डिजिटल अरेस्टवाल्यांनी स्काइप इतकं वापरलं की २०२४ च्या मे महिन्यात गृह मंत्रालयाच्या सायबर केंद्राने मायक्रोसॉफ्टच्या मदतीने हजाराहून अधिक स्काइप आयडी बंद केले होते. व्हिडिओ कॉलवर अटक असा प्रकार कायद्यात नाही. पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन.

मिरजकरीण | गुरुवार, दुपारी ४:३०

अपडेट देते.

भाच्याला पुण्याहून कॉलवर घेतलं, त्याच साइटवर. कोडग्यांनी सांगितलेलं पान त्याने उघडलं. "मावशी, हे बघ" म्हणून आकडा वाचून दाखवला आणि शोधला. आला: सांगली. मग वायफाय बंद करून मोबाईल डेटावर गेले. आला: मुंबई. टेलिफोनकाका, तुम्हाला साष्टांग नमस्कार.

आता साइट बदलायची का? आवाज तिच्यावर फार स्वच्छ येतो हो.

कोडगा | गुरुवार, रात्री ९:४०

बदलायची नसेल तर एक जुगाड सांगतो, पण आधी तुमच्या साइटवर चालतो का ते बघावं लागेल. जित्सीसारख्या व्हिडिओ कॉलच्या मोफत साइटवर दोघंच असतील तर कॉल थेट असतो, तिसरा आला की सगळं सर्व्हरवरून जातं, कारण तिघांची एकमेकांशी थेट जोडणी जड पडते. तर घरातला जुना फोन तिसरा म्हणून जोडून ठेवायचा. क्रम महत्त्वाचा: आधी जुना फोन, मग तुम्ही, शेवटी विद्यार्थी. तिसरा गळाला की काही सेकंदांत गाडी पुन्हा थेट मार्गावर येते, म्हणून त्या फोनला चार्जर लावून ठेवा.

मिरजकरीण | गुरुवार, रात्री ९:५८

अहो, जुना फोन तर मी तानपुऱ्यासाठी ठेवतेच समोर! तोच जोडते. तानपुरा पहारेकरी.

कोडगा | गुरुवार, रात्री १०:०४

माइक म्यूट करा त्याचा, नाहीतर प्रतिध्वनी घुमेल.

अवांतर, पण गाणाऱ्यांना आवडेल: २००८ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी दाखवलं होतं की एन्क्रिप्टेड कॉलमधली पाकिटं न फोडता, नुसत्या त्यांच्या लांबीवरून काही ठरावीक वाक्यं ओळखता येतात. आवाज जसा बदलतो तशी पाकिटं लहानमोठी होतात म्हणून. म्हणजे राग नाही कळला तरी आलाप चाललाय की तान, हे वाटेतल्याला बहुधा कळेल.

मिरजकरीण | गुरुवार, रात्री १०:११

माझ्या काही विद्यार्थ्यांचं मला समोर बसूनही कळत नाही.

वकिलीणबाई | शुक्रवार, सकाळी ११:००

ताई, त्या मुलाला विचारलंत का?

मिरजकरीण | शुक्रवार, रात्री ८:४५

विचारलं. आज त्याचा तास होता. सरळ म्हटलं, "परवा सांगली कसं काय ओळखलंस?"

तो गोंधळला. म्हणाला, "मॅडम, तुमच्या मागे कॅलेंडर होतं ना." त्याचं आजोळ तासगाव आहे म्हणे, म्हणून "सांगली" वाचून बरं वाटलं, एवढंच.

मी मागे वळून पाहिलं. पांढरी भिंत आहे. आणि तिच्या उजव्या कोपऱ्यात बाबांच्या पतसंस्थेचं कॅलेंडर. लाल अक्षरांत हाताएवढं "सांगली". मी रोज बघते म्हणून मला ते दिसतच नव्हतं.

शंकासुर | शुक्रवार, रात्री ८:५२

!!!!

यंत्राने सांगितलंय असं ठासून लिहिणारा मीच होतो. माफी असावी. पाच दिवस आयपीव्ही६, सुपरनोड, पेगासस, आणि निघालं कॅलेंडर.

कोडगा | शुक्रवार, रात्री ९:२०

आयपीही दिसत होताच, भाच्याने वाचलाय. त्याने बघितला नाही एवढंच. पुढचा बघेल. जुगाड सोडू नका.

वकिलीणबाई | शुक्रवार, रात्री ९:३१

आणि तासगाव खरं की नाही तेही सहज गप्पांत विचारून बघा. तिथल्या गणपतीच्या देवळाचं गोपुर सांगता आलं तर मुलगा खरा.

मिरजकरीण | शनिवार, सकाळी ९:१०

गोपुरही सांगितलं आणि रथोत्सवही. मुलगा खरा आहे. सगळ्यांचे आभार. व्हॉट्सअॅपचा खटका चालू केलाय, जुना फोन चार्जरला लावून जोडलाय.

कॅलेंडर मात्र बाबा काढू देत नाहीत. त्यावर सिलिंडरच्या आणि आईच्या डोळ्यांतल्या थेंबांच्या तारखा लिहिल्या आहेत. शेवटी मीच खुर्ची फिरवली.

झंपी | शनिवार, सकाळी ९:२४

मग आता मागे काय दिसतं?

मिरजकरीण | शनिवार, सकाळी ९:४०

फ्रिज. त्यावर वीजबिल लावलंय. थांबा, आले.